गाठीतलं कार्ड

सरूबाईनं गळ्यातल्या दोरीला अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, फुलांचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर उभी राहून शेडाच्या भिंतीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. मेन स्विच तिनं आधीच पाडला होता. आत पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी होती आणि तिच्या पोटाशी नखाएवढं काळं कार्ड. मुलगा प्रदीप ते कसं काढतो हे तिनं दहादा बघितलं होतं. तिनं नखानं कार्ड ओढलं, पदराच्या टोकात ठेवलं आणि वेढा देऊन गाठ आवळली. मग फळीवरच्या गाण्यांच्या स्पीकरमधून तसलंच दुसरं कार्ड काढून डब्यात सरकवलं. दिसायला दोन्ही सारखीच. एकात तिचं तीन वर्षांचं पाणी, दुसऱ्यात चारशे भीमगीतं.

"घे म्हणावं आता कॉपी," ती पुटपुटली आणि खाली उतरली.

तिकोणा पेठेच्या खालच्या अंगाला, पवनेच्या पाण्याकडं उतरणाऱ्या पंधरा गुंठ्यांत ओव्हाळांचं पॉलीहाऊस होतं. जरबेऱ्याचं. आसपास तसली आणखी चार होती, पण चैत्राच्या उन्हात तिथली फुलं माना टाकायची तेव्हा सरूबाईची ताठ उभी असायची. लोक म्हणायचे, बाईच्या हाताला गुण आहे. गुण होताच, पण आता तो डब्यात जाऊन बसला होता. प्रदीपनं चाकणला नोकरीला जाण्याआधी तो छोटा कॉम्प्युटर बसवून दिला होता. समोर एक इवलासा पडदा आणि दोन बटणं, अधिक आणि उणे. सरूबाईला वाचता फारसं यायचं नाही, पण आकडे चोख. सकाळी फुलांच्या बेडातली माती चिमटीत घ्यायची, पान गालाला लावून बघायचं आणि डब्यापाशी येऊन बटणं दाबायची. कुठल्या महिन्यात किती पाणी, आभाळ भरलं तर किती, वरचे धुकं सोडणारे फॉगर किती वाजता सुटायचे आणि किती मिनिटांनी, सगळं त्या कार्डात साठत गेलं. कागदावर एक आकडा नव्हता. कुणी विचारलं असतं तर तिलाही बारा महिन्यांचं सगळं सांगता आलं नसतं.

आणि ते कार्ड सुनेला हवं होतं!

तीन आठवड्यांपूर्वी सरूबाई न्हाणीतून बाहेर येत होती आणि रेणुका ओसरीवर फोनवर बोलत होती. "दादा, गुपचूप आणून दे. आईंना काही बोलू नकोस." एवढंच कानावर पडलं आणि सरूबाईच्या मनात पाल चुकचुकली. कारण हा दादा म्हणजे शिरगावचा निलेश. त्यानं दिवाळीनंतर वीस गुंठ्यांचं पॉलीहाऊस उभं केलेलं, आणि गेल्या महिन्यात त्याची निम्मी फुलं वाकून गेलेली. आता एवढं सगळं जुळतंय म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून सुनेकडं बघत होती. रेणुकानं पाण्याचा तांब्या जरा लवकर पुढं केला तरी तिला वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

काल जेवताना रेणुकानं विषय काढलाच.

"आई, त्या डब्याचा बॅकअप घेऊन ठेवायला पाहिजे."

"हाय की. चार तासांचा हाय," सरूबाई म्हणाली. गेल्याच वर्षी इन्व्हर्टरला नवी बॅटरी टाकली होती.

रेणुका हसली. "लाइटचा नाही हो आई. कार्डाचा. ही कार्डं वापरानं, उन्हानं कधी जातील सांगता येत नाही. आणि कार्ड गेलं की आतलं सगळं गेलं. म्हणून त्याची जशीच्या तशी कॉपी काढून ठेवायची."

कॉपी! सरूबाईला एकच कॉपी माहीत होती, दहावीच्या परीक्षेत पोरं करतात ती. आणि ही हसली कशाला?

"करू दे की," विठ्ठल, तिचा नवरा, भाकरी मोडत म्हणाला. "शिकल्याली पोर हाय."

त्याला काय, त्याला जगात सगळेच सज्जन दिसतात.

"कर," सरूबाई म्हणाली. "उद्याच कर."

रेणुका वाटी हातात धरून बघतच राहिली. नकार ऐकायच्या तयारीनं ती बसली होती.

आता नऊच्या सुमाराला ती लॅपटॉप घेऊन शेडात आली.

"आई, मेन बंद करू?"

"म्या केलाय."

रेणुकानं डब्यातलं कार्ड काढलं, लॅपटॉपच्या कडेला खोचलं आणि क्रेटवर बसली. सरूबाईनं समोरच पोत्यावर ठाण मांडलं. रेणुकाची बोटं थोडी चालली आणि थांबली. तिनं पडद्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं, मग तिची नजर फळीवरच्या स्पीकरकडं गेली. सरूबाईनं पदर कमरेला घट्ट खोचला.

"काय झालं?"

"काही नाही. वेळ लागेल जरा."

तेवढ्यात विठ्ठल फुलांची बादली घेऊन दारात आला.

"का गं, आज गाणी न्हाईत व्हय? शेड कसं सुनं सुनं लागतंय."

"चार्जिंग न्हाई त्याला."

"रातभर तर लावलं हुतं की म्या!"

"मंग तुमीच बिघडवलं आसंल. जावा तिकडं, फुलं सुकत्यात."

विठ्ठल मान हलवत गेला. रेणुकानं खाली मान घालून लॅपटॉप मिटला.

"याची बॅटरी उतरलीय, आणि इथे मेन बंद. मी घरी जाऊन करून आणते."

घरी! म्हणजे एकटीनं, दार लोटून. जा बाई, खुशाल जा. शिरगावला आज चारशे गाणी पोचणार म्हणून सरूबाईला इतका आनंद झाला की तिनं एकटीनं चार बादल्या विसळून काढल्या, आणि पुढची साडी पदरासकट पार भिजली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

अकरा वाजले. तिकोणा गडावर चढून गेलेली रविवारची मंडळी उन्हाला कंटाळून खाली उतरायला लागली होती. पॉलीहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद तापला की एक वास सुटतो, तो सुटला. आता खरं कार्ड जागच्या जागी बसवायचं आणि काही घडलंच नाही असं करून फुलं काढायला लागायचं, असा तिचा बेत. तिनं पदर ओढला. गाठ भिजून दगड झाली होती. नखानं सुटेना. मग जन्मभर जसं केलं तसंच तिनं केलं. गाठ दाढेखाली धरली आणि जोरानं ओढली.

कट्ट.

गाठ सुटली. तळहातावर कार्डाचे दोन तुकडे पडले.

सरूबाई पोत्यावर बसली. तिनं तुकडे एकमेकांना लावून बघितले, दाबून बघितले, वेड्यासारखी त्यांच्यावर फुंकर मारली. दुधाचं भांडं सांडलं तरी नवऱ्याला चार गोष्टी ऐकवता येतात; इथं कुणाला बोलणार? चोर घरात शिरेल म्हणून राखण करत बसली आणि घराला काडी लावली ती स्वतः. तीन उन्हाळे, तीन पावसाळे. आता गेल्या आषाढात पाणी किती होतं ते कुणाला विचारायचं?

तिला शेडात थांबवेना. रेणुका येईल, डबा उघडेल, काय सांगायचं? ती पॉलीहाऊसमध्ये शिरली आणि दोन बेडांच्या मध्ये जाऊन बसली. एक फूल किंचित कललं होतं. तिनं त्याला बोटानं आधार दिला. "रेणुका, माझं चुकलं," असं म्हणून बघितलं. तोंडातून नीट निघेना. "अगं, ते कार्ड," असं म्हणून बघितलं. तेही जमेना.

फुस्स झालं.

डोक्यावरचे फॉगर एकदम सुटले. बारीक धुकं तिच्या चष्म्यावर, केसांवर, मुठीवर बसलं. सरूबाई वर बघत राहिली. धुकं थांबलं. सवयीनं तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. पाच मिनिटं झाली, सुटलं नाही. आठव्या मिनिटाला सुटलं. हे तर जुनं पाणी! आठाची पाच मिनिटं तिनं ऊन वाढलं तेव्हा, याच पंधरवड्यात केली होती.

आणि मग शेडातून ढोलकीचा ठेका आला. भीमगीत लागलं होतं.

म्हणजे गाण्यांचं कार्ड स्पीकरात होतं. खरं कार्ड तिच्या मुठीत होतं, दोन तुकडे होऊन. मग डब्यात कुठलं?

ती शेडात आली तेव्हा रेणुका डब्याखाली उभी होती. सरूबाईनं मूठ उघडली.

"दातानं सोडवाय गेले."

रेणुका हसली नाही. तिनं तुकडे हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि परत सासूच्या हातावर ठेवले.

"मला वाटलं तुम्ही बसवलं असेल परत. डबा बघितला तर रिकामा. साडेअकरा होऊन गेले होते आई. फुलं गेली असती. म्हणून दुसरं घातलं आणि मेन चालू केला."

"आत कुटलं हाय?"

"माझं. तुम्ही सातबाऱ्यासाठी वडगावला गेला होता ना, त्या दिवशी काढलेली कॉपी. नवं कार्ड दादानं तळेगावहून आणून दिलं होतं."

"म्हंजी चोरूनच केलंस."

"हो," रेणुका म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. पण केल्यापासून मला तुमच्या ताटाला ताट लावून बसवेना. म्हणून काल विचारलं. म्हटलं, एकदा तुमच्यासमोर काढू."

"शिरगावला गेलंय का त्ये?"

"दादानं मागितलं होतं. मी नाही दिलं."

खरं की खोटं, हे तपासायला सरूबाईपाशी काही नव्हतं. ती सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली. मागं गाणं चाललं होतं आणि बाहेर विठ्ठल त्याच्या सुरात सूर मिसळून भलतेच शब्द म्हणत होता.

"पण आई, हे पंधरा दिवसांपूर्वीचं आहे. त्यानंतर तुम्ही जी बटणं दाबलीत ती यात नाहीत."

"ठावं हाय मला. आठ मिनटानं सुटतंय."

"मग तुम्ही टाका परत." रेणुकानं क्रेट डब्याखाली सरकवला, पायानं हलवून तो डळमळत नाही ना ते बघितलं. "मी बाहेर थांबते. झालं की हाक मारा."

ती खरंच दारापर्यंत गेली आणि पाठ करून उभी राहिली.

सरूबाई क्रेटवर चढली. पडदा समोर होता. आकडे स्वच्छ दिसत होते. तिचं बोट अधिकच्या बटणापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. मग ती हळूच खाली उतरली, चष्मा डोळ्यांवरून काढला आणि छातीवर सोडून दिला.

"रेणुका."

"झालं इतक्यात?"

"चष्मा घरी ऱ्हायला माजा. तू दाब. म्या सांगते."

रेणुका वळली. तिनं सासूच्या गळ्यातल्या दोरीला लोंबणाऱ्या, धुक्यानं अजून ओल्या असलेल्या चष्म्याकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली आणि क्रेटवर चढली.

"आदी आठाचं पाच कर," सरूबाई म्हणाली. "आन् ध्यानात ठेव, आभाळ आलं तर सात."