परिषदेच्या पेन्सिलीने

फादर बस्त्याव तुस्कानो यांच्या रोजनिशीतलं पहिलं वाक्य मंगळवारी सकाळी धर्मपरिषदेत मतदानाला आलं आणि एकमताने मंजूर झालं. वाक्य असं होतं: 'खांबापाशी बसणारे लठ्ठ कार्डिनल भाषण चालू असताना घोरतात.' त्या क्षणापासून ते कार्डिनल घोरू लागले. भाषण असो, प्रार्थना असो, कॉफीचा घोट तोंडात असो. बिचाऱ्यांचे डोळे टक्क उघडे असत आणि घोरणं काही थांबत नसे.

बस्त्याव वसईचा. सेमिनरीत ईशज्ञान शिकवायचा आणि आपल्या बिशपांचा तज्ज्ञ म्हणून रोमला आला होता. जगभरचे बिशप महामंदिरात समोरासमोरच्या बाकांवर बसत, तज्ज्ञ वर सज्जात. तज्ज्ञांना मत नव्हतं, आणि कुणी विचारल्याशिवाय त्यांनी तोंड उघडायचं नव्हतं. हुशार माणसाला असं गप्प बसवलं की त्याच्या पोटात काय काय साचतं ते विचारू नका. बस्त्याव ते रोज दुपारी खोलीवर जाऊन वहीत ओतत असे.

आणि ओतत असे तो परिषदेच्या पेन्सिलीने. मतपत्रिकेवर खूण करायला प्रत्येक बिशपाला तसल्या दोन पेन्सिली मिळाल्या होत्या. शिशात लोखंडाची पूड होती आणि मतमोजणीचं यंत्र तेवढीच खूण ओळखायचं. तिने दुसरं काहीही लिहू नये, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. पण पेन्सिल कागदावर लोण्यासारखी चालायची. त्याच्या बिशपांनी आपली जास्तीची पेन्सिल बस्त्यावला देऊन टाकली आणि त्याने महिनाभर तिनेच रोजनिशी लिहिली. वही खोलीवरच होती, तरी यंत्राने तिच्यातलं वाक्यन् वाक्य ठराव म्हणून मोजलं.

बुधवारी दुसरं वाक्य आलं: 'इथली भाषणं इतकी लांबतात की बसल्या जागी दाढी वाढते.' मंजूर. दुपारपर्यंत सगळ्यांच्या दाढ्या गुडघ्यांना लागल्या. गुरुवारी 'सभागृह दिवसेंदिवस कोंदट होत चाललं आहे' हे मंजूर झालं, आणि समोरासमोरचे बाक इतके जवळ सरकले की या बाजूच्या बिशपांचे गुडघे त्या बाजूच्यांना टेकू लागले. कुणी तक्रार केली नाही. ठराव म्हणजे ठराव.

बस्त्यावला मात्र पुढचं पान आठवलं. शुक्रवारी मतदान नव्हतं; शनिवारी येणारं वाक्य तिथे होतं: 'आमच्या बिशपसाहेबांचं लॅटिन ऐकवत नाही. त्यांनी गप्प बसलेलं बरं.'

शनिवारी बिशप पास्कोल कुटिनो यांचं भाषण होतं. चर्चमधली मिस्सा-प्रार्थना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत व्हावी, एवढंच त्यांना मागायचं होतं. तरुणपणी त्यांनी एका बाईचं लहान मूल पुरलं होतं. लॅटिनमधले सगळे विधी झाल्यावर ती त्यांना म्हणाली होती, "फादर, माझ्या पोराबद्दल तुम्ही देवाला काय सांगितलंत?" ती बाई त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही. या भाषणासाठी ते एवढ्या लांब आले होते.

शुक्रवारी सकाळीच बस्त्यावने मतमोजणीच्या अधिकाऱ्याला गाठलं.

"मी ते वाक्य खोडतो."

"खोडलेलं यंत्राला दिसत नाही. लिहिलेलं दिसतं."

"मग त्याच पेन्सिलीने उलट वाक्य लिहितो."

"लिहा. रांगेत शेवटी लागेल. तोवर परिषद संपलेली असेल."

"आणि वही जाळली तर?"

"वही तुमची आहे," अधिकारी म्हणाला. "वाक्यं आता आमची."

"काहीतरी उपाय असेलच ना!"

"एक विरोधी मत. रोजनिशीला एकमत लागतं. पण तुमची वाक्यं खरी असतात, फादर. बिशप खऱ्याला विरोध कसा करणार? आणि तुम्हाला तर मतच नाही."

बाजूच्या दालनात कॉफी मिळायची. बिशपसाहेब तिथे बिस्किट बुडवून खात होते. बस्त्यावने मान खाली घालून वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"बस्त्याव, हे तू लिहिलंस?"

"हो, बिशपसाहेब. गटाच्या बैठकीत तुम्ही अडखळलात आणि ती फ्रेंच मंडळी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"माझी लाज वाटली तुला."

"वाटली." बस्त्यावचे डोळे भरून आले. "आता माझीच वाटते. उद्या विरोधात मत द्या. तुमचं एक मत पुरे आहे."

"पण बाबा, यात खोटं काय आहे? माझं लॅटिन ऐकवत नाहीच."

"नसेना का! भाषणाचं काय? त्या बाईचं काय?"

बिशपसाहेबांनी दाढीतला बिस्किटाचा चुरा झटकला. "खरं वाटेल तेच मत देईन, अशी शपथ घेतलीय मी," ते म्हणाले. "ती उद्या मोडायची, आणि लगेच देवाच्या नावाने बोलायला उभं राहायचं? नाही जमणार रे."

शनिवारी वाक्य एकमताने मंजूर झालं. लगेच बिशप कुटिनो यांचं नाव पुकारलं गेलं. बाकांमधल्या फटीतून ते आडवे होऊन सरकत निघाले, आणि वाटेतले बिशप आपापली दाढी उचलून त्यांना जागा देत होते. ते माइकसमोर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

ओठ मात्र हलत होते. भाषण बस्त्यावनेच लिहून दिलेलं, त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. त्याने सज्जातून वाकून पाहिलं. ओठ भाषणाशी जुळेनात. थोड्या वेळाने त्याला कळलं की बिशपसाहेबांनी लॅटिन सोडून दिलं होतं. ते मराठीत बोलत होते, अगदी घरच्या मराठीत, न अडखळता.

अधिकाऱ्याने वर पाहिलं. "हे बिशप काय म्हणताहेत, कुणी तज्ज्ञ सांगू शकेल?"

अखेर त्याला विचारलं गेलं होतं. बस्त्याव ताडकन उठला, कठडा घट्ट धरला आणि खालच्या ओठांवरून एकेक शब्द उचलून जीव खाऊन ओरडू लागला. मानेच्या शिरा फुगल्या. आवाज आला नाही. ठराव बिशपसाहेबांच्या शब्दांना लागू होता, ते कुणाच्याही तोंडात असोत.

पहिल्या रांगेतला एक म्हातारा आफ्रिकन बिशप मान वर करून बस्त्यावच्या तोंडाकडे पाहत होता. त्याने तसेच ओठ हलवून पाहिले. त्याच्या शेजाऱ्याने त्याचं पाहून हलवले. मग समोरच्या बाकाने, मग मागच्या रांगांनी. जन्मात मराठी न ऐकलेली ती सगळी तोंडं शब्द बिनचूक धरत होती, आणि आवाज कुठेच नव्हता. आपण थांबलो तर ही तोंडंही मिटतील, अशी बस्त्यावला भीती वाटू लागली. माइकपाशी बिशपसाहेबांनी क्षणभर श्वास घेतला, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं.