राहिलेल्या गोळ्या

जगदेवीनं नातीच्या कपड्यांची ट्रंक पलंगावर उपडी केली आणि लोकरीचं टोपरं शोधू लागली. मंजुषा, तिची सून, सोमवारी सकाळी लेकीला, तनुजाला, घेऊन कंधारला माहेरी गेली होती. शनिवारी तिच्या भावाचा साखरपुडा होता. आज गुरुवार. मुलगा संगमेश आता दुपारी निघणार आणि सोमवारपर्यंत सासुरवाडीलाच राहणार. तनुजाला सर्दी झालीय, टोपरं पाठवा, असा सकाळी फोन आला होता.

टोपरं सापडलं. त्याच्या खाली तनुजाला आखूड झालेला एक फ्रॉक होता, आणि फ्रॉकच्या घडीत गोळ्यांचं पाकीट.

पाकिटावर सरकारी शिक्का होता. सातवीपर्यंत शिकलेल्या जगदेवीला त्यावरची 'गर्भनिरोधक गोळ्या' ही अक्षरं वाचायला वेळ लागला नाही. एकवीस कप्पे पांढऱ्या गोळ्यांचे, शेवटचे सात तांबूस गोळ्यांचे. पहिले दहा कप्पे रिकामे होते.

ती पलंगाच्या कडेला बसली. आपल्या घरात, आपल्या नाकाखाली, आपल्याला पत्ता लागू न देता! तिचे कान तापले. पुढच्या वर्षी घरात पाळणा हलणार म्हणून तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

मग चौदा महिन्यांपूर्वीचा नांदेडचा दवाखाना तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. तनुजा झाल्यावर मंजुषाचं रक्त थांबता थांबेना. पाच पिशव्या रक्त चढवावं लागलं. संगमेश रक्तासाठी धावत होता, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी जगदेवीला बाजूला घेतलं होतं. 'तीन वर्षं दुसऱ्या बाळाचं नाव काढू नका. पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.' जगदेवीनं मान हलवली होती. संगमेशला तिनं ते सांगितलं नाही. पहिल्यांदा तो रडत होता म्हणून. नंतर पोरगी बाळसं धरू लागली, मंजुषा हिंडू-फिरू लागली, आणि ते बोलणं हळूहळू मागं पडलं. खरं तर जगदेवीनंच ते मागं पडू दिलं.

"अव्वा, सापडलं का?" बाहेरून संगमेशनं विचारलं. "ऊन वाढून राहिलं."

"थांब जरा. मागच्या गल्लीत जाऊन येते."

पाकीट तिनं पदराआड धरलं.

गावातली आशा आरोग्यसेविका उमादेवी दारातच ज्वारी निवडत बसली होती. जगदेवी तिच्यापुढं टेकली.

"माझी एक पुतणी हाय, किनवटला," ती म्हणाली. "पाळी चुकवायच्या... मंजी लेकरू न व्हायच्या गोळ्या घेती. दहा घेतल्या अन् सोमवारपासून राहिल्या."

उमादेवीनं सूप खाली ठेवलं. जगदेवीच्या मुठीतून डोकावणाऱ्या पाकिटाकडं तिनं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

"रात्री जेवल्यावर घेती का?"

"घेत असंल."

"मंजी सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन राहिल्या. एखादी राहिली तर आठवण होताच घ्यायची, लई बिघडत न्हाई. तीन मंजी भरवसा राहत न्हाई. पुतणीला सांगा, हातात पाकीट आलं की लगेच एक घ्यायची. आजची आज रात्री, रोजच्या येळंला. मधल्या दोन सोडून द्यायच्या. पुढं रोज एक, चुकवायची न्हाई."

"अन् नवरा आज रात्री तिथं मुक्कामाला असला तर?"

विचारताना जगदेवीनं मान वर केली नाही.

"सलग सात दिवस गोळ्या पोटात जाईपर्यंत जपायचं. निरोध वापरायचा, न्हाईतर लांब राहायचं. ह्या चार दिवसांत जवळ आले होते का?"

"न्हाई. तो इथं... तो गावाला होता."

"मग भ्यायचं कारण न्हाई."

"ह्या गोळ्यांनी बाईला काही होत न्हाई ना?"

"बीपी असलं, डोळ्यांपुढं चमकून अर्धं डोकं दुखत असलं, तर देतच न्हाईत. विचारून, मोजूनच देतात. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं, अंगावर पीत असलं तरी न्हाई. पण एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, तर थांबायचं न्हाई, दवाखाना गाठायचा." उमादेवीनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "पुतणीच्या सासूला ठाऊक हाय का?"

"आज कळलं."

उमादेवी सूप सारून उठली. आत जाऊन तिनं निरोधची पाकिटं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जगदेवीच्या हातात ठेवली.

घरी येऊन जगदेवीनं पिशवीत दोन लुगडी कोंबली.

"मी बी येते."

"तुम्ही अन् आप्पा शनिवारी येणार होता की."

"आप्पाला डबा सांगितलाय शेजारी. गाडी काढ."

जगदेवी मोटरसायकलवर मुलाच्या मागं बसली होती. एकदा वाटलं, इथंच मागून त्याच्या कानात सांगून टाकावं. पण गाडीच्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. आणि काय सांगणार? तुझ्या बायकोनं गोळ्या घेतल्या, हे? की आपण काय लपवलं, हे?

कंधारला मंजुषाची आई पार्वतम्मा दारात आली आणि विहीणबाईंना बघून गोंधळली. "शरणार्थ, शरणार्थ" असा नमस्कार झाला, पाय धुवायला पाणी आलं. साखरपुड्याच्या आधी दोन दिवस ही मुलीची सासू का आली, हे कुणाला विचारवेना. संगमेश ओसरीवर तनुजाला घेऊन बसला. जगदेवी चुलीपाशी सुनेजवळ गेली, पार्वतम्मा चहाचा ट्रे घेऊन बाहेर जाईपर्यंत थांबली, आणि पाकीट पुढं केलं.

मंजुषाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"विसरलीस तू हे," जगदेवी हलक्या आवाजात म्हणाली. "एक आत्ता घे. आजची रात्री. मधल्या दोन सोडायच्या. सात दिवस जपायचं. उमादेवीनं सांगितलंय."

मंजुषानं पाकिटाला हात लावला नाही.

"विसरले न्हाई, आत्या. ठेवून आले."

"मंजी?"

"रविवारी दारात बायकांपुढं बोललात तुम्ही. आमच्या सुनेला घराची आस असती तर एव्हाना दुसरं झालं असतं, म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "रोज भीत भीत घ्यायची, फ्रॉकमधे दडवायची. म्हणलं, जाऊ दे. जे व्हायचं ते होऊ दे."

जगदेवीनं पुढं केलेलं पाकीट मागं घेतलं.

"त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, तुला ठाऊक हाय?"

"हाव. सुट्टी देताना मला बी सांगितलं. तुमच्या सासूबाईंना सगळं समजावलंय, असं बी म्हणाल्या."

चौदा महिने. चौदा महिने ही पोरगी वाट बघत होती, की ही बाई आज बोलेल, उद्या बोलेल. आणि ही बाई बोलली ती बायकांपुढं, पाळण्याचं.

जगदेवीनं पाकीट आणि वर्तमानपत्राची पुडी ओट्यावर ठेवली.

"माझ्यासाठी घेऊ नको," ती म्हणाली. "माझ्यासाठी सोडू बी नको. तुला जे वाटंल ते कर."

"अन् ह्यांना काय सांगू?"

"ते तू न्हाई सांगायचं."

ती ओसरीवर आली. संगमेश तनुजाला टोपरं घालत होता आणि ती ते ओढून काढत होती. पार्वतम्मा शेजारीच बसलेली. तिच्या देखत नको, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, तीही त्या पोरीची आई आहे.

"संगू, टोपरं राहू दे. इकडं बघ."

"काय झालं?"

"नांदेडला तनुजा झाली तेव्हा डॉक्टरीणबाई मला एक बोलल्या होत्या. मी तुला सांगितलं न्हाई."

ती सांगत गेली. तीन वर्षं, पाच पिशव्या, आमच्या हातात काही राहणार नाही. काही सोडलं नाही. संगमेशचा हात लेकीच्या पाठीवर थांबला. पार्वतम्मानं पदराचं टोक तोंडाशी धरलं. जगदेवीला त्या दोघांकडं बघवेना, पण तिनं मान खाली घातली नाही.

तेवढ्यात मंजुषा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. एका हातात पाण्याचा गिलास होता, दुसऱ्या तळहातावर पांढरी गोळी. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग आईकडं. सगळ्यांच्या देखत गोळी जिभेवर ठेवली आणि गिलासभर पाणी सावकाश पिऊन टाकलं.