कुंपणाची पाठ

"चांगली बाजू आमच्याकडं," सासूबाई म्हणाल्या. "लाकूड आमचं, मेहनत आमची. मग कुंपणाची पाठ आम्ही का बघायची?"

सुतारमामा हातातल्या फळीकडं बघत उभे राहिले. उभ्या फळ्यांना एका अंगानं दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या होत्या, तळहातभर बाहेर येणाऱ्या. ती बाजू म्हणजे पाठ. दुसरी बाजू सलग, गुळगुळीत.

पलीकडून त्यांच्या थोरल्या जाऊबाई बोलल्या, "घे बाई, घे. चांगलं ते तुलाच लागतं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय."

दोघी जावांची घरं शेजारी, अंगण पूर्वी एकच. भांडणाचं मूळ लाडी, म्हणजे थोरलीची शेळी. सासूबाईंनी वाफ्यात कांद्याचं बी टाकावं, हिरव्या सुया वर याव्यात, की लाडीनं येऊन वाफा साफ करावा. या हिवाळ्यात असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा टाकलेलं नुकतं उगवलं होतं. घरचं बी संपलेलं. हे रोप गेलं की लावणी गेली. म्हणून ऐन थंडीत कुंपण.

जमीन अशी आवळली होती, की पहार मारली की ठण्ण वाजायची आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जायच्या. संध्याकाळी खड्ड्यांच्या जागी पाणी ओतून वर गोणपाट टाकायचं, तेव्हा सकाळी कुठं माती ऐकायची. सुतारमामा तर ऊन वर आल्याशिवाय पहारीला हात लावत नसत. "लोखंड चावतं," म्हणायचे, आणि शेकोटीजवळ सरकून चहाचा दुसरा पेला मागायचे.

पट्ट्या धरायचं काम माझ्याकडं. खालची गुडघ्याशी आली, वरची छातीशी. दोहोंमधलं अंतर बघून माझ्या मनात काहीतरी आलं.

"आई, पट्ट्या तिकडच्या अंगाला आल्या, तर लाडीला..."

"तू नीट धर," सासूबाई म्हणाल्या.

मी नीट धरलं.

कुंपण उभं राहिलं तेव्हा सासूबाई मागं सरकून डोळे भरून बघत राहिल्या. "कसं पाटीसारखं सरळ दिसतंय!" थोरलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाडी कुंपणावर दिसली. मागचे पाय खालच्या पट्टीवर, पुढचे वरच्या पट्टीवर. मान बाहेर काढून ती वाफ्याकडं बघत होती, भाषणाला उठलेल्या पुढाऱ्यासारखी. मग उडी. सासूबाई राखेच्या हातांनी धावल्या. लाडीचा कान हाती लागेपर्यंत वाफ्याचा एक कोपरा पोटात गेला होता. बाकीचं रोप वाचलं ते केवळ शेजारी पडलेल्या कोबीच्या पानांकडं तिचं लक्ष गेलं म्हणून.

पलीकडं थोरली पोट धरून हसत होती. "कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं गं. कुंपणानं पाहुणीला शिडी लावून दिलेली आज पाहिली!"

"शेळी तुमची, आणि हसताही तुम्हीच?"

"मग काय रडू? चांगली बाजू तू मागितलीस. मी शिडी मागितली नव्हती."

सकाळी सुतारमामांना बोलावणं गेलं.

"फिरवा," त्या म्हणाल्या.

"काय फिरवू, वहिनी?"

"कुंपण. तोंड तिकडं, पाठ इकडं."

"सगळे खिळे उपटायचे? एवढ्या गारठ्यात?"

"मग काय लाडीला फिरवता?"

कुंपण फिरेपर्यंत थोरली उन्हात खाट टाकून बसून होती, मांडवातल्या वरमाईसारखी. लाडीनं गुळगुळीत फळ्यांवर खूर घासून पाहिले, घसरली, आणि अपमान झाल्यासारखी तोंड फिरवून निघून गेली. रोप वाचलं. सासूबाईंनी मात्र कुंपणाकडं पाठ केली.

तो रुसवा फार दिवस टिकला नाही. एका सकाळी त्यांनी घासलेली भांडी निथळायला खालच्या पट्टीवर मांडली. मग वरच्या पट्टीवर लोणच्याची बरणी उन्हाला आली. मग मिरच्यांचं ताट, पायपुसणी, माझे मोजे. कुंपणाच्या पाठीला दिवसभर ऊन होतं.

थोरलीनं फटीतून हे सगळं पाहिलं. तिच्या बाजूला मुंगीला टेकायला जागा नव्हती.

शेवटी कुंपणावरून एक हात आला, हातात बरणी. "धाकटे, एवढी ठेव गं तुझ्या पट्टीवर. बुरशी येतेय."

सासूबाईंनी आपली बरणी सरकवून जागा केली. लगेच नाही, थोडं थांबून.

"ठेवते. पण जागेचं भाडं पडेल."

"माझ्याकडून भाडं?"

"टोपलीभर लेंड्या. वाफ्याला खत पाहिजे. तुमच्या लाडीनं बरंच खाल्लंय, थोडं परत करू दे."

थोरली हसत टोपली शोधायला गेली.