काकांच्या आवाजाचा परवाना

मी मुक्त सॉफ्टवेअरच्या एका साइटवर फुकटात काम करतो. लोक आपले प्रोग्राम तिथे ठेवायला पाठवतात. त्यातली प्रत्येक फाइल कोणाच्या मालकीची आहे, आणि ती वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी त्याने सगळ्यांना दिली आहे का, हे मी बघतो. थोडक्यात, जगाला काही फुकट द्यायचं असेल तर आधी माझ्याशी वाद घालावा लागतो.

परवा मावशीचा प्रोग्राम आला. मावशीने उभा जन्म ऑफिसात पत्रं लिहिली आणि प्रत्येक पत्राखाली साहेबांनी सही ठोकली. निवृत्त झाल्यावर ती प्रोग्रामिंग शिकली ते एवढ्यासाठीच, की एका तरी गोष्टीवर आपलं नाव असावं. प्रोग्राम साधा. गॅसवर काही ठेवलं की वेळ लावायची, वेळ भरली की फोन ओरडतो, "अगं, गॅस!" आवाज काकांचा.

मावशी घरचं माणूस, तेव्हा तिचा प्रोग्राम मी तपासावा का, हे मी आमच्या मुख्य तपासनीस बाईंना विचारलं. त्यांना आम्ही गाळणी म्हणतो. त्या म्हणाल्या, "तू बघून घे. शेवटी मी आहेच."

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर मालकाचं नाव लागतं. मावशीने सगळीकडे लिहिलं होतं, 'मालक: मी'. आवाजाच्या फाइलवर, 'घरात सापडला'.

मी सरळ तिचं घर गाठलं.

"मी म्हणजे कोण, मावशी?"

"अरे, आता मावशीलाही ओळखेनास?"

"पूर्ण नाव लिही गं."

तिने एकेक अक्षर दाबत लिहिलं आणि जरा जास्तच वेळ बघत बसली. "बरं दिसतंय."

"आता आवाज. तो काकांचा आहे. त्यांची परवानगी?"

"इतकी वर्षं जेवायला घालतेय. त्यांचा आवाज कशाच्या जोरावर निघतोय?"

"कच्च्या मालावरून मालकी ठरत नाही."

आपला आवाज घरात सापडल्याचं काकांना तेव्हाच कळलं. ते चिडले नाहीत. पेपर खाली ठेवून म्हणाले, "अटी वाच."

मी वाचल्या. कोणीही वापरावा. कोणीही बदलावा.

"बदलावा? उद्या कोणी माझ्या आवाजात म्हणालं, 'तुझंच बरोबर होतं,' तर?"

"पहिली प्रत मी घेईन," मावशी म्हणाली.

"वापरा म्हणावं. पण 'अगं' फक्त हिच्यासाठी."

"अशी अट चालत नाही, काका. मुक्त म्हणजे सगळ्यांना. चोरालासुद्धा."

"चोराला मी अगं म्हणू?"

"चोराच्या घरीही दूध उतू जातं."

काकांनी पेपर पुन्हा उचलला. मावशी म्हणाली, "राहू दे रे. मागे घेते मी." आणि तिने लॅपटॉप मिटला. आवाज न करता. भांडी आपटणारी बाई लॅपटॉप इतका हळू मिटते म्हटल्यावर आम्ही दोघंही टरकलो.

"प्रोग्राम साइटवर लागला नाही तर हिचं नावही लागणार नाही?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही."

ते उठले. शर्ट बदलून आले. नुसता आवाज घ्यायचा असतो हे मी सांगितलं, पण त्यांनी केसही विंचरले. मग फोनसमोर ताठ उभं राहून, परक्यांशी बोलायच्या आवाजात म्हणाले, "अहो, मंडळी, कृपया गॅसकडे लक्ष असू द्यावे." आणि मला म्हणाले, "हे घे. हे चोरालाही दे. पहिलं काढून टाक. ते घरचं आहे."

जुना आवाज काढला, नवा घातला, काकांनी परवानगी लिहून दिली. मी सगळं गाळणीकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बाकी ठीक. नव्या आवाजात मागे एक बाई हसतायत. त्या कोण? त्यांचीही परवानगी लागेल."

मावशीने तिथल्या तिथे लिहून दिली. प्रोग्राम साइटवर लागला तेव्हा तिचं नाव दोन ठिकाणी होतं, कोडसाठी आणि हसण्यासाठी.

काकांनी यादी वरून खाली वाचली. "माझं एकदाच?"

"तुम्ही हसला नाहीत," मावशी म्हणाली.