मावेसीचे जाणकार

स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात आम्ही तिला ‘मावेसी’ म्हणायचो. ग्रीकांच्या मुलखातून जहाजाने येणारी दाट, गोड वाइन. पंच गिल्बर्ट मेंटीथ मात्र ज्याला त्याला हटकायचे, “मावेसी नव्हे रे गाढवा, मालव्हेसी!” त्यांनी एकदा बिशपच्या पंगतीत ती चाखली होती. तेव्हापासून गावात वाइनची चव कळणारा माणूस आपण एकटेच, असा त्यांचा समज.

गावातली वाइन तपासायचं काम त्यांच्याकडेच होतं. भेसळ सापडली की पिंपाचा तळ फोडायचा, असा कायदा. फोडायला मला बोलवायचे, कारण पिंपं बांधणारा रॅन्किन तो मीच.

त्या वसंतात ते मॅरियन टुलकच्या गुत्त्यावर आले. बाहेर गर्दी जमलेली. तिसऱ्या पिंपाला तोटी लावताच मॅरियन म्हणाली, “पंचसाहेब, हे पिंप माझं नाही, हे...”

“चोर असंच म्हणतो!” त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, गाल फुगवले आणि थुंकले. “मालव्हेसी म्हणे! मध घातलेलं गढूळ पाणी आहे हे.”

“अहो, जरा ऐका तरी...”

“बाई, मला शिकवू नकोस. रॅन्किन, फोड!”

पिंप रस्त्यावर आणून मी हातोडा घातला. सोनेरी वाइन दगडांवरून वाहू लागली. माणसं टोप्या भरभरून पिऊ लागली. एक म्हातारी कोळीण तर पालथी पडून पीत होती. “काय भेसळ आहे हो,” ती म्हणाली, “आणखी असेल तर फोडा की!”

तेवढ्यात पंचांची बायको इझोबेल धावत आली. “अहो, हे काय केलंत? बिशपसाठी मागवलेलं आपलं पिंप ते! तळघरात पाणी शिरलं म्हणून मीच इथे ठेवलं होतं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुणाला बोलू देता?”

पंच लालबुंद झाले. पण पंचांची चूक होते थोडीच? दुसऱ्याच दिवशी मॅरियनवर परक्याचं पिंप लपवल्याचा ठपका आला आणि वर्षभर तिला वाइन विकायची बंदी झाली. बिशप आले, बिअर पिऊन गेले.

मॅरियनने बिअरच विकली. बाकावर उभी राहून ती डोळे मिटायची, गाल फुगवायची आणि थुंकायची. ते बघायला एडिनबरोहून माणसं यायची. मेंटीथ पंचच राहिले. फक्त त्या गल्लीतून जाणं त्यांनी सोडलं.