पाव फेरा

सोमवारच्या स्कॅनमध्ये तातोबा कोष्टीच्या उजव्या किडनीत अकरा नव्या गल्ल्या दिसल्या, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक हिरव्या लुगड्यातली पडद्यातून त्याच्याकडं बघत म्हणाली, "तात्या, पानी कवा सोडनार?"

तातोबा नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन. बत्तीस वर्षं गावाला पाणी सोडत आलेला, त्यामुळं प्रश्न नवा नव्हता. लघवीतून रक्त का जातंय ते मात्र त्याला आता कळलं. नकाशात नसलेली वस्ती त्याच्या लाईनवर पोसली जात होती.

डॉक्टर उपाध्येबाईंनी सुई घालून तुकडा काढला. बुधवारी अहवाल आला.

"हा किडनीचा नेहमीचा कॅन्सर नाही, तात्या. रक्तवाहिनीच्या अस्तरातून उठलाय. फार दुर्मीळ. मी आजवर एकच पाहिलाय."

"त्या पेशंटचं काय झालं?" तातोबाच्या बायकोनं, अनुसयानं विचारलं.

बाई अहवालाची घडी घालत राहिल्या.

गुरुवारी गल्ल्या चाळीस झाल्या. त्यांची तहान भागवता भागवता तातोबाची बोटं सुकून खडखड वाजू लागली. तो भरती होता त्या वॉर्डाचा बोळही रोज अरुंद होत होता. अनुसया डबा डोक्यावर धरून आडवी सरकत यायची, आणि आली की आधी डोळे पुसायची.

"उद्या किडनी काढू," बाई म्हणाल्या. "पण तिची मुख्य लाईन आधी बंद करायला हवी. ते काम तुमच्या हातचं." त्यांनी त्याची व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी उशाशी ठेवली. ती घरून कोणी आणली, ते कोणी विचारलं नाही.

"अवो, गच्च आवळा बरं का," अनुसया म्हणाली. "घरातला नळ तरी एकदा धड बंद केलाय का तुमी? जित्याची खोड..." पुढची म्हण तिनं गिळली.

शुक्रवारी टेबलावर तातोबा स्वतःच्याच कुशीत वाकला आणि त्यानं चावी फिरवली. धार बारीक झाली. बायकांनी घागरी खाली ठेवल्या. मग हात आपोआप थांबले. व्हॉल्व्ह पुरता आवळला की लाईन हवा धरते, म्हणून पाव फेरा मोकळा ठेवायचा, हे त्या हातांना बत्तीस वर्षं ठाऊक होतं. त्याच्या ते ध्यानात आलं तेव्हा बाई शेवटचा टाका घालत होत्या. "थांबा," असं त्याला म्हणायचं होतं, पण भूल दिलेल्या तोंडातून शब्द फुटला नाही.

किडनी निघाली. केमो सुरू झाली. अनुसयानं वॉर्डभर पेढे वाटले. तातोबाला भीतीनं पेढा गिळवेना, आणि पाव फेऱ्याचं तिला सांगवेना.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. किडनीची जागा रिकामी होती. अनुसयानं हात जोडले. बाईंनी पडद्यावरचं चित्र छातीपर्यंत सरकवलं.

फुप्फुसाच्या कडेला, रांगेत पहिली, हिरव्या लुगड्यातली बाई घागर घेऊन उभी होती.