तिसऱ्या नंबरचा प्लग

आर्डिसने टॉर्चचा झोत जरा खाली घेतला आणि त्याच क्षणी व्हर्लिनच्या बोटांतून स्पार्क प्लग सुटला. सिमेंटच्या जमिनीवर तो एकदा टणकन आपटला आणि घरंगळत पिकअपच्या पुढच्या चाकाशी जाऊन थांबला. व्हर्लिन वाकला. प्लग उचलून त्याने शर्टाच्या बाहीला पुसला, उजेडासमोर धरून फिरवून पाहिला, आणि काही न बोलता इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात, तिसऱ्या नंबरच्या खोल भोकात बसवायला घेतला.

आर्डिसही काही बोलली नाही.

या माणसाशी लग्न होऊन तिला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यातली बेचाळीस त्याने गावात मेकॅनिकचं काम केलं होतं. हाताखालच्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, की पडलेला प्लग म्हणजे फेकलेला प्लग. आतली चिनी माती कुठे तडकली ते डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाला बरोबर कळतं. टर्बोच्या नव्या पिकअप आल्या तेव्हा तर तो याबाबतीत फारच कडक झाला. या इंजिनांत हवा दाबून भरलेली असते, मागे ओझं घेऊन चढाला लागलं की दाब आणखी वाढतो, आणि मग ठिणगीला केसाएवढी फट मिळाली तरी ती भलत्याच वाटेने पळते. एकदा नवाकोरा प्लग टेबलावरून पडला म्हणून त्याने तो गिऱ्हाइकासमोर डब्यात टाकून दिला होता.

आता त्याच माणसाने खाली पडलेला प्लग आत बसवला, वर ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल लावली, बॉनेट बंद केलं आणि हात धुवायला गेला. नळाखाली त्याने हात बराच वेळ धरून ठेवले. आर्डिस टॉर्च विझवून उभी राहिली.

आठ-दहा दिवसांनी ते दोघं निघाले. मुलीची मुलगी ब्रिटा हिचं शनिवारी लग्न होतं, डोंगरापलीकडे वायोमिंगमध्ये. मागे कॅम्पर जोडला होता. चाकांवरचं ते छोटंसं घर त्यांनी व्हर्लिनने गॅरेज विकलं त्या वर्षी घेतलं होतं. आत लग्नासाठी केलेल्या लेफ्साच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या चळती होत्या, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचे तीन डबे होते आणि आर्डिसचा निळा झगा हँगरला लटकत होता.

साउथ डकोटाच्या सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. बिगहॉर्नचा घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या मैलावर तिला पहिली उचकी लागली. व्हर्लिनने रेडिओ बंद केला. दुसरी उचकी जोराची होती, मागच्या कॅम्परलाही हिसका बसला. मग डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला आणि उघडझाप करायला लागला. व्हर्लिन म्हणाला की मागच्या पंपावरचं पेट्रोल काही चांगलं दिसत नाही. आर्डिस खिडकीबाहेर बघत राहिली. जूनमध्येही कड्यांच्या सावलीत बर्फाचे पट्टे उरलेले होते.

पुढच्या रुंद वळणापाशी त्याने गाडी बाजूला घेतली. दोष सांगणारं छोटं यंत्र जोडलं, चष्मा नाकावर नीट बसवून आकडा पाहिला.

“तिसरा,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “कॉइल गेली असेल.”

तापल्या इंजिनाला हात लावायचा नाही हे आर्डिसलाही ठाऊक होतं. वरचा भाग ॲल्युमिनियमचा, गरम असताना प्लग काढला तर आटेच बाहेर यायचे. दीड-दोन तास तरी थांबावं लागणार होतं. तिने दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, वड्यांचा एक डबा उघडला आणि थर्मासमधली कॉफी ओतली. स्वतःला भरून, त्याला अर्धा कप. जानेवारीपासून ती त्याला अर्धाच कप देत होती. का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. कप तो दोन्ही हातांनी धरायचा, आणि रिकामा झाला की हात मांड्यांखाली घालून बसायचा.

खालून एक मोठा ट्रक धापा टाकत वर आला आणि निघून गेला. आवाज विरेपर्यंत आर्डिस थांबली.

“त्या दिवशी तुझ्या हातून प्लग पडला होता.”

व्हर्लिन दरीकडे बघत होता. “हो.”

“मी पाहिलं.”

“माहीत आहे. उजेड हलला होता.”

आर्डिस त्या दिवशीच बोलली असती तर ते दोघं आज इथे अडकलेच नसते. वरच्या चढावर, आणखी अरुंद जागी गाडी बंद पडली असती तर, हेही तिच्या मनात आलं. पण ते बोलायचं म्हणजे पुढचंही बोलावं लागलं असतं, बशीत सांडणाऱ्या कॉफीचं, शर्टाच्या बटणांचं, चेकवरच्या वाकड्या सहीचं. तिने वडीचा चुरा मांडीवरून झटकला.

व्हर्लिन उठला. गाडीत जाऊन त्याने पुढचा कप्पा उघडला, कागदांच्या खालून एक छोटं खोकं काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. आत नवा प्लग होता.

“दुसऱ्याच दिवशी आणला,” तो म्हणाला. “टोकाची फट दुकानातल्या ड्वाइटकडून मोजून घेतली. म्हटलं, चष्मा घरी राहिलाय.”

“मग घातला का नाहीस?”

तो परत खुर्चीत बसला. मग तुटक तुटक सांगायला लागला. ती चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली होती त्या दोन्ही मंगळवारी त्याने बॉनेट उघडलं होतं. कॉइल काढली, पाना आत सोडला, पण प्लग सैल करायची छाती होईना. काढला आणि नवा आट्यात बसलाच नाही तर? तिरका बसला तर इंजिनाचा वरचा भागच बाद. पहिल्यांदा अर्धा तास तो तसाच उभा होता. दुसऱ्यांदा तेवढाही नाही. दोन्ही वेळा कॉइल होती तशी लावून टाकली आणि स्वतःला सांगितलं, की आवाज ठीक आहे, कदाचित तडकलाच नसेल.

“आणि तू शेजारी बसणार होतीस,” तो म्हणाला. “तरी मी निघालो. हे मला रोज टोचतंय.”

“मला हाक मारायचीस.”

“हाक मारून काय सांगू, आर्डी? मला प्लग बसवता येत नाही म्हणून?”

मांड्यांखालचे हात त्याने बाहेर काढले आणि तिच्यासमोर धरले. उजवा जास्त हलत होता. तिने ते पहिल्यांदाच सरळ पाहिले, चोरून नाही. तिने खोकं त्याच्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकलं आणि म्हणाली, “इंजिन गार झालं की मला सांग कसं करायचं ते.”

पावणेदोन तासांनी ती कॅम्परमधल्या स्टुलावर चढून इंजिनावर ओणवी झाली. व्हर्लिन टॉर्च घेऊन शेजारी उभा राहिला. टॉर्च हलत होता, म्हणून त्याने कोपर बॉनेटच्या काठाला टेकवलं. तो सांगत गेला. आधी वायरीचा चाप दाब, मग बोल्ट, मग कॉइल सरळ वर ओढ, वाकडी नको. जुना प्लग बाहेर आला. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. व्हर्लिनने ती बघितली आणि प्लग बाजूला ठेवला.

मग त्याने हत्यारांच्या पेटीतून वीतभर रबरी नळी काढली आणि नवा प्लग तिच्या टोकात खोचून दिला. “पाना नंतर. आधी नळी बोटांनी फिरव. वाकडा लागला तर नळीच घसरेल, इंजिनाला काही होणार नाही.”

नळी घसरली. पुन्हा घसरली. आर्डिसच्या बोटाची सालटं निघाली.

“घाई करू नकोस. उलटा फिरव जरा. टक् असं लागलं की मग सरळ.”

“मला शिकवतोयस का ओरडतोयस?”

“तू माझ्याकडे नोकरीला असतीस तर मघाशीच काढून टाकली असती.”

“लग्नाआधी सांगायचं होतंस.”

तेवढ्यात हाताला काहीतरी लागलं. नळी फिरली, आणखी फिरली, आणि आटे एकामागून एक गुंतत गेल्याचं तिला बोटांत कळलं. व्हर्लिनलाही ते समजलं असावं. त्याने श्वास सोडला. शेवटी ठरल्या जोराला कट् वाजणाऱ्या मापाच्या पान्याने प्लग आवळला, कॉइल बसली, चाप लागला.

गाडी चालू झाली. व्हर्लिन मान तिरकी करून ऐकत राहिला. यंत्रावरचा आकडा त्याने पुसून टाकला, पिवळा दिवा परत लागला नाही. खुर्च्या, डबा, हत्यारं आत गेली. मग तो पुढून वळसा घालून आला आणि ड्रायव्हरशेजारच्या बाजूचं दार उघडून आत बसला.

मागे कॅम्पर असताना आर्डिसने कधी गाडी चालवली नव्हती. तिने आरसे नीट केले, सीट पुढे घेतली. त्याने एवढंच सांगितलं, की वळणं रुंद घे आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. खिंडीपर्यंतच्या चढावर इंजिन एकदाही अडखळलं नाही.

उतार लागल्यावर तो म्हणाला, “लग्न झालं की माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घे. मी येईन आत, गाडीत नाही बसून राहणार.”

तिने मान हलवली. पुढे रस्ता कड्याला बिलगून वळत होता, आणि तिने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. व्हर्लिनने आपला उजवा हात उचलून दोघांच्या मधल्या जागेवर ठेवला. तळवा वर, बोटं मोकळी, जशी हलत होती तशी.

“थांब,” आर्डिस रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “एवढं वळण जाऊ दे.”